पाण्याचा धडा वाटपापासून सुरू व्हावा

२२ मार्च जवळ आला की शाळांच्या भिंतींवर गळणाऱ्या तोट्यांची चित्रं लागतात. चित्रकला स्पर्धा, घोषवाक्यं, प्रभातफेरी. १९९३ पासून जगभर जागतिक जल दिन पाळला जातो आणि आपल्या शाळांमध्ये त्याचा सगळा अर्थ एका वाक्यात मावतो: पाणी जपून वापरा. दात घासताना नळ बंद ठेवा, आंघोळीला बादली घ्या, गाडी पाइपने धुऊ नका.

हे वाक्य ऐकणारा सोलापुरातला एखादा वर्ग डोळ्यासमोर आणा. एका मुलाच्या घरी जमिनीखाली मोठा हौद आहे, गच्चीवर दोन टाक्या आहेत, आवारात बोअर आहे. नळाला पाणी चार दिवसांनी आलं की पाच दिवसांनी, हे त्याला कळतही नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या घरी दोनशे लिटरची दोन बॅरलं आणि सहा घागरी आहेत. पाच माणसं त्या पाण्यावर पुढच्या पाळीपर्यंतचे पाच दिवस काढतात. हिशेब केला तर माणशी दिवसाला वीस लिटरही पडत नाही. ती तांदळाचं धुवण भांड्यांना वापरते आणि भांड्यांचं पाणी तुळशीला घालते. काटकसर तिला कुणी शिकवावी अशी वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. तरी दोघांच्या वहीत एकच उपदेश जातो, आणि पाणी कमी पडण्याचा दोष दोघांच्या वाट्याला सारखाच येतो. हा अन्याय आहे, आणि शाळेत तो चांगल्या हेतूने, रंगीत खडूने लिहिला जातो म्हणून त्याची धार कमी होत नाही.

माझं म्हणणं असं की शाळेत पाण्याचा धडा वाटपापासून सुरू व्हावा. कुणाला किती पाणी मिळतं, किती दिवसांनी मिळतं, त्यासाठी किती पैसे आणि किती वेळ जातो, ते पिण्याजोगं असतं का, आणि हे सगळं असं का आहे. काटकसरीचा उपदेश त्यानंतर करावा, आणि ज्याच्याकडे काटकसर करण्याइतकं पाणी आहे त्यालाच करावा.

‘सुरक्षित पाण्यापासून वंचित लोक’ म्हटलं की मुलांना सहसा आफ्रिकेतल्या एखाद्या बाईचा फोटो दाखवतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेतलं पिण्याचं पाणी मिळत नाही. हा आकडा मुलं परीक्षेसाठी पाठ करतील आणि विसरतील. पण त्या मोजणीमागे तीन अटी आहेत: पाणी घरातच मिळावं, गरज असेल तेव्हा मिळावं आणि ते दूषित नसावं. या तीन अटी फळ्यावर लिहून मुलांना आपल्या गल्लीतली घरं तपासायला सांगा. मग २२० कोटींतले काही जण सोलापुरातल्याच लष्कर, शेळगी, विडी घरकुल, नई जिंदगी या वस्त्यांत राहतात हे त्यांना कुणी वेगळं सांगावं लागणार नाही. बंगल्यातल्या घरांनाही दुसऱ्या अटीपाशी अडखळायला होईल. गेली कित्येक वर्षं शहराच्या बहुतेक भागात नळाला पाणी काही दिवसांआडच येत आलं आहे, आणि हौद मोठा असला की ते दिवस जाणवत नाहीत एवढंच.

सोलापूरसारख्या ठिकाणी या धड्याला लागणारी सामग्री जवळच पडलेली आहे. सहावी-सातवीत ऋण संख्या शिकवताना पुस्तकं थंड प्रदेशातलं शून्याखालचं तापमान दाखवतात. ज्या गावात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तिथल्या मुलाला हे फार लांबचं वाटतं. उजनी धरण मायनसमध्ये गेलं, हे मात्र त्याला शाळेत यायच्या आधीपासून ठाऊक असतं. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातला साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपासचा उपयुक्त साठा, बाकीचा मृत साठा, म्हणजे तळाशी राहणारं, सहज सोडता न येणारं पाणी. उपयुक्त साठा संपला की शून्य टक्के, आणि त्याखाली उपसा सुरू झाला की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. उणे ५० टक्के म्हणजे मृत साठ्यातलंही जवळपास २७ टीएमसी पाणी गेलेलं असतं. मग धरणात उरतं किती? मुलं वजाबाकी करतील आणि उत्तर येईल ३६ ते ३७ टीएमसी.

आता लगेच दुसरं गणित घालावं. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या थोडी वर होती. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटरचा निकष आहे. त्या हिशेबाने शहराला दिवसाला जवळपास १२ कोटी ८५ लाख लिटर पाणी लागतं, म्हणजे वर्षाला सुमारे ४,६९० कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटरच्या आसपास. भागाकार केला की उत्तर येतं १.६५ टीएमसी. वाढलेली लोकसंख्या आणि गळती धरून ते अडीचवर न्या. तरीही ११७ टीएमसीच्या धरणापुढे, अगदी उणे ५० टक्क्यांच्या धरणापुढेही, हा आकडा लहानच राहतो.

हे उत्तर आलं की वर्ग गप्प बसणार नाही, आणि बसू नये. मग आमच्याकडे पाच दिवसांआड पाणी का? खरा धडा इथून सुरू होतो. तळाशी उरलेलं पाणी सहज उचलता येत नाही, त्यासाठी दुबार-तिबार पंपिंग करावं लागतं. शहराचं पाणी तीन ठिकाणांहून येतं: उजनीतून थेट जलवाहिनीने, भीमेवरच्या औज बंधाऱ्याजवळच्या टाकळीतून, आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. पहिल्या वाटेवर शंभर किलोमीटरहून लांब पाइप आहे आणि वीज गेली की पंप थांबतात. दुसऱ्या वाटेने पाणी आणायचं तर धरणातून नदीत सोडावं लागतं, आणि बंधाऱ्यात पोहोचतं त्याच्या कित्येक पट पाणी वाटेत मुरतं, उडतं किंवा उपसलं जातं. शहरात आल्यावर ते कुठल्या टाकीत चढतं, कुठल्या पेठेची जलवाहिनी किती जुनी आहे, १९९२ ला हद्दवाढीत आलेल्या वस्त्यांपर्यंत किती व्यासाचा पाइप पोहोचला, चढावर कोण राहतं आणि उतारावर कोण, नळाला थेट मोटार लावून पाणी खेचणारं घर गल्लीत कितवं आहे, यावर शेवटच्या घराची घागर ठरते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं आणि पुढे त्याच योजनेत उजनीहून समांतर जलवाहिनी हाती घेतली गेली. ती गरजेचीच आहे. पण शहराच्या वेशीपर्यंत जास्त पाणी आणणं आणि ते गल्लीतल्या शेवटच्या नळाला सारखं मिळणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाबद्दल प्रश्न विचारणारे नागरिक आज सातवीत शिकताहेत.

शहरातल्या मुलांनी आपल्याला मिळणाऱ्या सवलतीकडेही पाहिलं पाहिजे. औज बंधाऱ्यासाठी नदीत पाणी सोडलं की काठच्या गावांचा शेतीपंपांचा वीजपुरवठा कमी केला जातो, म्हणजे वाटेत उपसा होऊ नये. डोळ्यासमोरून वाहणारं पाणी त्या गावांनी आपल्यासाठी जाऊ द्यायचं असतं. २०१३ च्या दुष्काळात उजनीचं पाणी सोडावं म्हणून मोहोळ तालुक्यातला एक शेतकरी मुंबईला आझाद मैदानावर जाऊन आंदोलनाला बसला होता. आपल्या नळामागची ही बाजू शहरातल्या मुलाला माहीत असावी. त्याच्याही वर, पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. वरच्या शहराने वापरून सोडलेलं पाणी खालच्याने शुद्ध करून प्यायचं, आणि आपलं सांडपाणी त्याच्याही खाली ढकलायचं. नकाशावर बोट ठेवून भीमाशंकरापासून पंढरपूर, सोलापूर आणि पुढे कर्नाटकात कृष्णेपर्यंत ही नदी काढली की भूगोलाचा तास पुरत नाही.

खेड्यातल्या शाळेत हाच धडा जास्त जपून शिकवावा लागेल. सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे. उसाचा प्रश्न पाण्याच्या धड्यातून वगळता येणार नाही. पण वर्गातल्या ऊसवाल्या शेतकऱ्याच्या मुलीला अपराधी वाटेल असा तो मांडला तर धडा हरला म्हणून समजा. तिच्या वडिलांनी ऊस का लावला? कारण त्याला हमखास खरेदीदार आणि कायद्याने ठरलेला किमान दर आहे, आणि ज्वारीला तशी शाश्वती नाही. मंगळवेढ्याची ज्वारी महाराष्ट्रभर नावाजलेली, पण तिच्यावर कर्ज फिटत नाही. हे कारण मुलीला समजलं तर ती घरच्यांकडे बोट न दाखवता धोरणाकडे पाहायला शिकेल. जल जीवन मिशनमध्ये गावासाठी माणशी ५५ लिटरचा निकष आहे आणि शहरासाठी १३५ चा. हा फरक गटार आणि संडासाच्या व्यवस्थेवरून आला हे समजावून सांगता येतं. तरी गावातल्या मुलीने ‘मग आमच्याकडे तशी व्यवस्था कधी?’ असं विचारलं तर तो प्रश्न शिक्षकाने फळ्यावर लिहून ठेवावा, पुसू नये.

पाण्याचा दर्जा हा विज्ञानाचा भाग, आणि तिथेही वाटप लपलेलं आहे. जलवाहिनी रिकामी पडते तेव्हा तिच्यातला दाब जातो, आणि शेजारून वाहणाऱ्या गटाराचं पाणी फुटक्या सांध्यांतून आत ओढलं जातं. म्हणून पाळीच्या दिवशी पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं. ज्याच्याकडे साठवण आहे तो ते सोडून देतो. जिला नळावर नंबर लावून तेवढ्याच वेळात दोन बॅरलं भरायची असतात तिला तेही भरून घ्यावं लागतं. साठवलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासाच्या अंड्यापासून डास तयार होतो. डेंग्यूच्या साथीत आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, आणि पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नसलेली बाई बॅरल रिकामं करायला कचरते. तिला अडाणी ठरवणं सोपं आहे. मुलांना पाण्याच्या पाळीचा आणि डासांचा हा संबंध दाखवला तर ती असं करणार नाहीत.

तपासणीही वर्गात करता येते. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे. भारतीय मानकाप्रमाणे शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. एचटूएस चाचणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर विष्ठेतल्या जंतूंची शंका घ्यायची. ग्रामपंचायतींना आरोग्य विभाग पाण्याच्या व्यवस्थेवरून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतो. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे हे गावातल्या मुलांना माहीत असावं, आणि शहरातल्या मुलांनी आपल्या प्रभागाची अशीच माहिती मागावी. १८५४ ला लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने पटकीने गेलेल्यांची घरं नकाशावर टिंबांनी मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती ती टिंबं दाट झालेली दिसली. नकाशा आणि पेन्सिल एवढ्यावर ते काम झालं. आपल्या मुलांच्या हातातही तेवढं आहे.

पैशाचा हिशेब बहुतेक मोठ्या माणसांनीही केलेला नसतो. वीस लिटरचा जार वीस रुपयांना धरला तर हजार लिटरचे हजार रुपये झाले. नळाचं पाणी हौदात साठवू शकणाऱ्याला हजार लिटर याच्या लहानशा भागात पडतं. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. नळावर थांबलेला तिचा तास त्या हजारातून कमी होतो, आणि तो कुठल्याच पाणीपट्टीच्या पावतीवर दिसत नाही. विडी कामगारांची वस्ती असलेल्या पूर्व भागातल्या शाळेत हे गणित मुलं शिक्षकांपेक्षा अचूक सोडवतील. आणि पाणी येण्याच्या दिवशी भावाऐवजी बहिणीला घरी ठेवलं जातं का, हे तपासायला कुठलं संशोधन लागत नाही. हजेरीपट आणि पाण्याचं वेळापत्रक शेजारी ठेवलं की पुरे.

इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं आहेच, फक्त ते मागच्या काळाचं म्हणून शिकवलं जातं. १८६८ ला जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. जल दिनाच्या दोनच दिवस आधी ही तारीख येते, आणि बहुतेक शाळांत हे दोन कार्यक्रम एकमेकांना ओळखत नाहीत. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून आडकाठी करता येणार नाही असं लिहिलेलं आहे. घटनाकारांना तळ्याचा उल्लेख करावा लागला यामागे किती मोठा अनुभव होता! १९९१ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेतच प्रत्येक मुलासाठी सुरक्षित आणि पुरेसं पिण्याचं पाणी असलं पाहिजे असं नमूद आहे. म्हणजे पाहणीची सुरुवात शाळेच्या टाकीपासून करायला कायद्याचाच आधार आहे. आणि सोलापूरकर मुलाला सार्वजनिक पाण्याची कल्पना परकी कशी वाटेल? लोकांना हाताशी धरून तलाव खोदणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने या गावाची गड्ड्याची जत्रा भरते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की गरीब मुलांना वर्गात लाज वाटेल. हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. ‘तुमच्या घरी किती पाणी येतं, हात वर करा’ असं विचारणारा शिक्षक त्या मुलीचं नुकसानच करेल. म्हणून पद्धत महत्त्वाची. चिठ्ठ्यांवर नाव नसावं, फक्त भाग आणि लिटर असावेत. चिठ्ठ्या दोन-तीन वर्गांच्या एकत्र कराव्यात, म्हणजे कुणाचं घर ओळखू येणार नाही. सरासरी काढावी, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यातलं अंतर काढावं, आणि चर्चा घरांची न करता पाइपची, टाकीची आणि वेळापत्रकाची करावी. ज्या मुलीला आजवर आपल्या घरातली टंचाई आपल्या आईबापांची कमतरता वाटत होती, तिला ती चार हजार घरांना पुरवणाऱ्या एका टाकीची आणि एका व्हॉल्व्हची गोष्ट आहे हे कळतं. लाज कमी करण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. न बोलल्याने ती कमी होत नाही.

दुसरा आक्षेप, शाळेत राजकारण नको. पक्षाचं राजकारण नकोच. पण पाणी कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे माणसांनी ठरवलेलं आहे, हे लपवणं म्हणजे मुलांना खोटं शिकवणं आहे. पाऊस कमी पडला हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं माणसांच्या हातचं असतं, आणि नागरिकशास्त्र हा विषय त्यासाठीच आहे.

शिक्षकांवर आणखी एक उपक्रम लादला जाईल, ही भीती मात्र खरी आहे. त्यांच्यावर आधीच माहिती भरण्याची कामं पुष्कळ आहेत. म्हणून वेगळा तास, वेगळी वही, वेगळा अहवाल काही नको. गणितात टक्केवारी आहेच, भूगोलात नदी आहे, विज्ञानात जंतू आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या शाळा या शहरात आहेत, आणि चारही माध्यमांतली मुलं त्याच उजनीचं पाणी पितात. चार शाळांनी आपापले आकडे एका नकाशावर मांडले तर महापालिकेकडे आज नसेल इतका जिवंत नकाशा तयार होईल. महापालिकेने तिच्या बाजूने एवढं करावं: प्रत्येक शाळेला तिच्या भागाचं पाण्याचं वेळापत्रक आणि दरमहा पाण्याच्या तपासणीचे निकाल छापील द्यावेत, आणि वर्षातून एकदा तरी जलशुद्धीकरण केंद्राचं दार मुलांसाठी उघडावं. व्हॉल्व्ह फिरवून भागाभागात पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यालाही एखाद्या दिवशी वर्गात बोलवावं. कुठल्या गल्लीत पाणी चढत नाही आणि का, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याला आजवर कुणी बोलायला बोलावलेलं नाही.

मराठीच्या परीक्षेत औपचारिक पत्रलेखन असतं. अनियमित पाणीपुरवठ्याबद्दल पालिकेला तक्रार करणारं पत्र कित्येक पिढ्यांनी ‘अ. ब. क.’ या नावाने लिहिलं आणि त्याला पाचपैकी चार गुण मिळवले. या वर्षी ते पत्र खरं लिहावं. वर्गाने मोजलेले आकडे, क्लोरीनच्या नोंदी, पाळीच्या तारखा आणि नकाशा जोडून ते पाणीपुरवठा विभागाकडे पोहोचवावं. उत्तर आलं तर वर्गात मोठ्याने वाचावं आणि त्यातला प्रत्येक आकडा पुन्हा तपासावा. नाही आलं तर पालकांपैकी कुणाच्या तरी सहीने, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करतात हे नागरिकशास्त्राच्या तासाला दाखवावं. त्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे.